रामटेकेमामांचा पाहुणा

रामटेकेमामांची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि खरं सांगायचं तर ते भांडण अजून मिटलेलं नाही. मी नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होते. शरीररचनेच्या हॉलमध्ये हाडांची पेटी उघडली आणि सीनियर मुलं करतात तसं मीही कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीत दोन बोटं घालून ती उचलली. खाकी कपड्यांतला एक बुटका माणूस कुठूनसा आला आणि त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"एका हातानं लोटा उचलतेत, वं. मानूस नाई."

सगळा वर्ग हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी माझ्यावर कोणी आवाज चढवत नसे, आणि इथे हॉलचा शिपाई मला चारचौघांत 'वं' म्हणत होता. मी तक्रार करायला निघालेच होते. पण तो ती कवटी दोन्ही तळव्यांवर धरून माझ्यासमोर उभा राहिला आणि मी घेईपर्यंत हललाच नाही. शेवटी मी ती घेतली, दोन्ही हातांनी.

आमच्याकडे अशा जुन्या कर्मचाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. रामटेकेमामांनी हा धडा प्रत्येक तुकडीला दिला. बाहेरगावचे परीक्षक आले आणि त्यांनी कवटी बोटांनी उचलली, तर मामा शेजारी उभं राहून त्यांनी दुसरा हात लावेपर्यंत खाकरत राहायचे. मी शिकून, फिरून त्याच विभागात व्याख्याता म्हणून परत आले तेव्हा ते मला 'मॅडम' म्हणू लागले. बाकी काही बदललं नव्हतं.

मामांचं काम हाडं तयार करण्याचं. मंद आचेवर उकळायची, बांबूच्या चपट्या काडीने मऊ झालेलं मांस सोडवायचं, धुवायची, गच्चीवर वाळवायची. लोखंड लावायचं नाही, हाडाला ओरखडा येतो. देहदानाने आलेल्या माणसाचं नाव ते रजिस्टरमधून विचारून घेत आणि काम करताना त्या नावाने बोलत. बेवारस देहाला नाव नसे. त्याला ते पाहुणा म्हणत. "पाव्हन्याले घाई करू नोका," असं विद्यार्थ्यांना दटावत.

हे सगळं करून मामांनी चहा आणला की कार्यालयातले दोन कारकून तो घेत नसत. पोट बिघडलंय म्हणत. इतकी वर्षं रोज कुणाचं पोट बिघडतं? मामांना कारण ठाऊक होतं, मलाही होतं. मी एकदा चिडून बोलायला निघाले तर मामांनी मला थांबवलं. म्हणाले, "माह्या आज्याले गाव मेलेली ढोरं ओढाले लावे. माह्या बापानं इथं नागपुरात दीक्षा घेतली अन त्या दिवसापासून ते सोडलं. मी हाडं धुतो, पन माह्या मर्जीनं धुतो. जबरदस्तीचं काम अन मर्जीचं काम, हातात फरक पडते, मॅडम." मी तेव्हा मान डोलावली. मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

कळलं ते संग्रहालयातल्या एका कवटीमुळे. फार जुन्या काळी आमचे कोणी प्राध्यापक जर्मनीत शिकून आले, येताना अभ्यासासाठी हाडांचा संच घेऊन आले. त्यातली ही एक. खाली कार्ड होतं, 'आफ्रिकन', एवढंच. कानशिलावर काळ्या शाईत बारीक अक्षरं होती, ती कोणी वाचलेली नव्हती. मी त्या वर्षी फेलोशिपच्या आशेने धरमपेठेत जर्मन शिकत होते. मामांनी ते ऐकलं आणि एक दिवस दुपारी ती कवटी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"हे वाचून द्या. पन आधी हे पाहा," म्हणाले. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. हाडावर बारीक, वाकड्यातिकड्या रेघा होत्या. मामा म्हणाले की सुरीची रेघ अशी नसते, सुरी सरळ जाते. हे काचेच्या तुकड्याने खरवडलेलं आहे, आणि ज्याने खरवडलं त्याला हे काम येत नव्हतं. "हात थरथरला आहे इथं. मी तीस वर्षापासून पाहून राहिलो. कोनाले तरी जबरदस्तीनं बसवलं होतं."

मी अक्षरं वाचली. 'नामा', 'पुरुष', 'बेटावरील कैदी'. नामा कोण, हे मलाही माहीत नव्हतं. पुढचे काही आठवडे मी शोधलं, आणि जे सापडलं ते मामांना सांगायची माझी हिंमत होईना. ते रोज विचारत. शेवटी सांगितलं.

आजच्या नामिबियाच्या दक्षिणेकडचे हे नामा लोक, गुरं राखणारे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनांनी त्यांचा मुलूख घेतला. नामा लढले. त्यांच्यातल्या ज्यांना फसवून, दमवून शरण आणलं, त्यांना समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर थंडीवाऱ्यात कोंडलं, आणि तिथे ते माश्यांसारखे मेले. मेलेल्यांची डोकी विद्यापीठांना हवी होती. ती उकळून स्वच्छ करायचं काम तिथल्याच कैदी बायकांना दिलं. काचेच्या तुकड्यांनी. कुणाच्या हाती कुणाचं डोकं येत होतं, हे त्यांना ठाऊक असणार.

मामा खुर्चीवर बसले. माझ्यासमोर ते कधी बसत नसत. मग त्यांनी मला विचारलं, "अन हे आपन पोराईले परीक्षेत देतो? ओळखा म्हनून?" तसं आम्ही देत होतो. मीही दिली होती. त्या दिवशी जेवणाचा डबा मी तसाच परत नेला.

त्यानंतर मामांना त्या लढाईचं वेड लागलं. दुपारच्या सुट्टीत मी वाचून सांगायचे आणि ते एकेक गोष्ट उकलून घ्यायचे. एवढ्या मोठ्या फौजेशी मूठभर माणसं कशी लढली? पाणी कुठे प्यायची? मी सांगितलं की त्या कोरड्या मुलखातली पाण्याची ठिकाणं त्यांना तोंडपाठ होती. पाच-दहाच्या टोळ्या करून खडकांआडून गोळ्या झाडायच्या आणि फौज वळेपर्यंत घोड्यावरून नाहीसं व्हायचं. बंदुका बऱ्याचदा शत्रूच्याच. एका जागी मुक्काम करायचा नाही. मामांना हे फार पटलं. उमरेडकडच्या त्यांच्या गावातल्या टेकड्यांवर हे कसं जमलं असतं, तेही त्यांनी मला सांगितलं.

त्यांना सगळ्यात आवडला तो नामांचा म्हातारा पुढारी. पंचाहत्तरीच्या आसपासचा. मी जरा बिचकतच सांगितलं की या माणसाने आधी जर्मनांशी तह केला होता, सही केली होती, दहा वर्षं त्यांच्या बाजूने आपली माणसंसुद्धा लढायला पाठवली होती. आणि मग त्या वयात उठला, आजूबाजूच्या प्रमुखांना पत्रं लिहिली, घोड्यावर बसला आणि लढता लढता गोळी लागून मेला. मला वाटलं, सहीचं ऐकून मामा नाराज होतील. ते म्हणाले, "सही केली त काय झालं जी. मंग उठला ना."

मामांचा हट्ट एकच होता, पाहुणा घरी गेला पाहिजे. असे अवशेष जर्मनीतून परत गेले आहेत, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मला फक्त एक पत्र लिहायचं होतं, नामिबियाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाला. मी लिहिते म्हणाले. मी खरंच लिहिणार होते.

तेवढ्यात आमचे नवे विभागप्रमुख आले आणि त्यांनी संग्रहालयाचं आधुनिकीकरण काढलं. प्लास्टिकची मॉडेलं, मोठा पडदा, रंगीत दिवे. कॉलेजच्या मान्यतेची तपासणी व्हायच्या आत जुने, कागद नसलेले नमुने नष्ट करायचे. यादी मी करायची. मी त्यांना त्या कवटीबद्दल सांगितलं. ते हसले. म्हणाले, मॅडम, हे राजकारण आपल्याला कशाला? कागद नाही म्हणजे कुठून आणली ते विचारतील, कॉलेजची बदनामी होईल. मग सहज सांगावं तसं म्हणाले की तुमच्या बढतीची फाइल माझ्याच टेबलावर आहे. ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्यांच्यापेक्षा जास्त माझी स्वतःची चीड येते, कारण मी गप्प बसले.

नष्ट करायच्या दिवशी पेट्या भट्टीकडे गेल्या तेव्हा पाहुणा त्यांत नव्हता. मामांनी आदल्या दिवशीच हलवला होता, आणि ते मला दिसलं होतं. तरी मी दाखल्यावर सही केली, यादीतले सर्व नमुने नष्ट केले म्हणून. मला वाटलं, मी मोठी हुशारी केली. साहेबही खूश, कवटीही वाचली. मामांना तसं सांगायला गेले.

"कागदावर त मारलं ना त्याले," मामा म्हणाले.

मी म्हटलं, मामा, तो वाचला हे महत्त्वाचं नाही का?

"लपलेला मानूस घरी जाते का, मॅडम? ज्याले तुमी जाळलं म्हनून लिहून देल्लं, त्याले पाठवन कोन?"

मला राग आला. यांच्यासाठी मी खोटी सही केली आणि वर हे मलाच ऐकवतात. मी म्हटलं, बघू, बढती झाली की लिहीन. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर फिरवली.

मग ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल मिळाली, चहा मात्र बाहेरून मागवला होता. त्यानंतरही दर सोमवारी ते विभागात यायचे. हाडं पाहून जातो म्हणायचे. चाव्या कुठे टांगतात ते त्यांनाच माहीत, त्यामुळे कोणी अडवत नसे. मला ठाऊक होतं ते का येतात. जिथे सफाई व्हायची असेल, रंग लागायचा असेल, तिथून ते पाहुण्याला आधीच उठवायचे. एका जागी मुक्काम करायचा नाही. दोन वर्षं हे चाललं. कोणाला संशयही आला नाही. मी कुठे आहे विचारलं तर म्हणायचे, "आहे, मजेत आहे. पत्राचं काय झालं?" माझी बढती झाली. पत्राचं काही झालं नाही. आधी परीक्षा होत्या, मग मुलीचं बारावीचं वर्ष, मग आणखी काही. खरं कारण एकच होतं, पत्र लिहायचं म्हणजे आधी ती सही खोटी होती हे सांगायचं.

यंदाच्या हिवाळ्यात मामांची छाती साथ देईना. तीस-पस्तीस वर्षं त्या रसायनांच्या वाफा घेतलेला माणूस. किती वेळा त्यांनी साधे मास्क मागितले होते आणि किती वेळा 'मागणी पुढे पाठवली आहे' हे उत्तर मिळालं होतं, ते मी पाहिलं आहे. आमच्याच कॉलेजच्या रुग्णालयात होते. दुपारी भेटायला गेले तेव्हा त्यांची मुलगी संत्रं सोलत बसली होती. मामांनी नाकावरची नळी सरकवून मला जवळ बोलावलं.

मी विचारलं, मामा, पाहुणा कुठे आहे?

"तुमच्या कपाटात," ते म्हणाले. "आठ महिने झाले. खालच्या खनात, जुन्या पेपराईच्या मांगं."

रोज त्या कपाटाला पाठ लावून मी बसत होते.

"तिथं कोनी शोधनार नाई म्हनून ठेवला," मामा म्हणाले, आणि थोडा श्वास घेऊन पुढे म्हणाले, "तुमी त पाहतच नाई."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी मामा गेले. विभागात शोकसभा झाली. विभागप्रमुख म्हणाले की आम्ही एक विश्वासू सेवक गमावला. ते दोन कारकून डोळे पुसत होते. मला तिथे बसवेना. मी उठून माझ्या खोलीत आले, जमिनीवर बसले आणि खालच्या खणातले पेपर बाहेर काढले. पाहुणा मामांच्या निरोपाच्या शालीत गुंडाळलेला होता.

पत्र लिहायला मला अर्धा तास लागला. तीन वर्षं जे काम मला जमत नव्हतं त्याला अर्धा तास. अशा अवशेषांवर काम करणाऱ्या जर्मनीतल्या एका संशोधिकेलाही त्याची प्रत पाठवली, तीही जर्मनमध्ये. मग त्या दाखल्याची नक्कल काढली, पाहुण्याला शालीसकट उचललं आणि अधिष्ठात्यांच्या खोलीत गेले. बाहेरच्या शिपायाने वेळ घेतली आहे का विचारलं. मी नाही म्हटलं आणि आत गेले.

नक्कल टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी शाल उलगडली. म्हटलं, "सर, या दाखल्यावर सही माझी आहे आणि हा दाखला खोटा आहे. हा माणूस जाळलेला नाही. हा नामा आहे, लढताना कैद झालेला. याला घरी पाठवायचं आहे, आणि मी तसं पत्र पाठवलं आहे."

सर आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग नकलेकडे. सहीबद्दल चौकशी लागेल, एवढं त्यांना कळलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही ते कळत होतं. मग कपाळाला आठी घालून त्यांनी एक हात पुढे केला आणि दोन बोटं डोळ्यांच्या त्या खोबणींकडे नेली.

"एका हातानं लोटा उचलतेत, सर," मी म्हणाले.

असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. सरांचा हात तसाच राहिला. ते रागावले होते, पण मी उभीच होते आणि हलणार नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि दुसरा हात पुढे केला.