मुंजाजी पानाड्याची साक्ष

जवळा बाजारच्या शिवारात कुणाला विहीर खोदायची झाली की पहिलं बोलावणं मुंजाजी पानाड्याला. अनवाणी पायानं, तळहातावर नारळ आडवा ठेवून हा शेतभर हिंडायचा. नारळ ताडकन उभा राहिला की तिथं पाणी! आता खरं सांगायचं तर तो नारळ पाण्यानं नाही, मुंजाजीच्या अंगठ्यानं उभा राहायचा. पाणी लागलं तर मुंजाजीचं नाव, नाही लागलं तर खापर दुसऱ्याच्या डोक्यावर. असा हा बहाद्दर.

दोन हजार एक साली त्याच्या गावात दर रविवारी प्रार्थना सुरू झाली. देविदास नावाचे पास्टर वसमतहून लुनावर यायचे, पत्र्याच्या खोलीत दहा-बारा माणसांसोबत येशूची गाणी म्हणायचे आणि आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करायचे. हे ऐकलं आणि मुंजाजीचे कान टवकारले. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक! "याचा अंगठा कुठं हाय ते पाह्यल्याबिगर मी राहत न्हाई," असं बायकोला, आशाबाईला, सांगून तो गेला आणि थेट पुढं जाऊन बसला.

तीन रविवार त्याची नजर पास्टरच्या हातांवरून हलली नाही. हा ताईत देईल, अंगारा देईल, काहीतरी करीलच की! काहीच नाही. हे काय गौडबंगाल आहे, म्हणून मुंजाजीला चैन पडेना.

चौथ्या आठवड्यात गावातल्या पेमाची नात तापानं गेली. दवाखाना केला होता, प्रार्थनाही झाली होती. मुंजाजी मुद्दाम मातीला गेला. आता हा पास्टर दोष कुणावर ढकलतो, ते त्याला बघायचं होतं. देविदास पेमाजवळ जमिनीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

"काहून नेलं हो देवानं लेकराला?" पेमानं विचारलं.

"मला ठाऊक न्हाई, दादा. पण कुणाचा दोष न्हाई. देव तुमच्यापाशीच बसलाय, एवढं ठाऊक हाय."

मुंजाजी चाट पडला. वीस वर्षांच्या धंद्यात 'मला ठाऊक नाही' असं तो एकदाही बोलला नव्हता. त्याच दुपारी त्यानं एकट्यानं बांधावर गुडघे टेकले. "येशू देवा, मी लबाड माणूस हाय," एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडला. कुणीतरी आपलं सगळं ऐकतंय आणि तरीही उठून जात नाही, असं त्याला उभ्या जन्मात पहिल्यांदा वाटलं. इतकं हलकं वाटलं की त्याचं त्यालाच नवल!

पण एक काटा सलत होता. रामकिशनची सून शिला. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीला पन्नास फुटांवर नुसता काळा पाषाण लागला, तेव्हा मुंजाजीनं भरल्या बाजारात ठणकावलं होतं, "पाणी व्हतं! पण ही पांढऱ्या पायाची बांधावर उभी राहिली अन् झरा पळाला." तेव्हापासून त्या पोरीला ना कुणी पेरणीत पुढं करी, ना कुणाच्या हळदीला बोलवी. नवरासुद्धा कामाला निघताना तिचं तोंड बघत नसे.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी रामकिशनच्या दारात गेला. हात जोडून सगळं सांगितलं. रामकिशन लालबुंद झाला. "नवा देव धरला अन् आमची अब्रू घ्यायला आला व्हय रे?"

शिला आतून आली. तिनं ना शिव्या दिल्या, ना रडली. "मामा, तवा भरल्या बाजारात बोल्लात. आता उंबऱ्यात काहून बोलून राहिले?"

मुंजाजी तसाच घरी परतला. बाजारात बोलायचं म्हणजे धंदा बसला! उद्यापासून कोण कुत्रं बोलावणार? आशाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. "देवा, दुसरी वाट दाखव," अशी प्रार्थना करत राहिला. दुसरी वाट काही दिसली नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी तो एका बैलगाडीवर चढला. नारळ कसा उभा राहतो ते सांगितलं, अंगठा फिरवूनही दाखवला. "शिलाचा दोष न्हाई. म्या माझी लबाडी तिच्या पायावर ढकलली."

कुणी खदाखदा हसलं, कुणी "याचं डोकं फिरलं" म्हणालं. गर्दीतून वाट काढत शिला गाडीपाशी आली. मागं रामकिशन, मान खाली घालून. आता ही आपल्यावर थुंकणार, असं मुंजाजीला वाटलं.

"मामा," शिला म्हणाली, "आणिक एकदा सांगा. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."