ट्रे धरून शिकलेलं इंग्रजी

चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. माझ्या इंग्रजीची फजिती मीच सांगतो, दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी.

साल चौतीस-पस्तीस असेल. मनमाडला रेल्वेत कारकुनाची जागा निघाली. लेखी परीक्षा मी पास झालो. राहिली साहेबासमोरची तोंडी. आमचा पिढीजात धंदा झेंडू-शेवंतीचा. वडिलांनी नाशिकच्या सगळ्या फूलबाजारात सांगून टाकलेलं, "पोरगा रेल्वेत लागला म्हणून समजा." आणि पोराच्या तोंडून 'गुड मॉर्निंग'च्या पुढे काही निघेना! निघणार कसं? शाळेत आम्ही इंग्रजीसुद्धा मराठीतूनच शिकलो होतो.

मग गाठले शेजारचे रहीमचाचा. देवळालीच्या छावणीत वीस वर्षं साहेबाचे खानसामा. अक्षरओळख नाही, पण इंग्रजी असं की गोऱ्यानं ऐकत राहावं.

"किताब ठेव बाजूला," चाचा म्हणाले. "हातात ट्रे घे. काम करता करता जबान खुलते."

दोन महिने चाचा खोक्यावर साहेब होऊन बसले. मी मनगटावर पंचा टाकून, ट्रे धरून, कमरेत वाकून त्यांच्या डावीकडे उभा.

"डावीकडूनच, बेटा. उजवीकडून चाय देणारा खानसामा कच्चा."

हवापाणी, पिकं, थेट विलायतेच्या राजाची तब्येत, सगळ्यावर मी फाडफाड बोलायला लागलो. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी शिकवलं नाही. चाचांची आठवण अजून येते.

परीक्षेला साहेबानं मला समोर खुर्चीवर बसवलं आणि तिथंच घात झाला. हात रिकामे, तर तोंडही रिकामं. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं. मी आपला घाम पुसतोय.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. मी उठलो, त्याच्या हातातला ट्रे घेतला, साहेबाशेजारी जाऊन वाकलो आणि काय सांगू, इंग्रजी धो धो सुरू! नाव, गाव, वडिलांची शेवंती, नाशिकची थंडी. साहेब दोन कप प्याला. मग हसून म्हणाला, "बोलतोस छान. पण मला कारकून हवा होता."

वडिलांनी आठवडाभर फूलबाजारात तोंड दाखवलं नाही. चाचांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चाय कोणत्या बाजूनं दिलीस?"

मी जरा आठवून बघितलं. डावीकडे फायलींचा ढीग होता.

"उजव्या."

चाचांनी कपाळाला हात लावला. "मग साहेबाची काय चूक, बेटा?"