गाऱ्हाण्यात न घेतलेलं नाव

गोव्यात सुर्ल्याच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांचं गॅरेज होतं. तिथे मी बरीच वर्षं प्रमुख होतो. खाण बंद पडली, गॅरेजच्या जागी रान माजलं, पण तेव्हाचे कामगार भेटले की अजून सकाळच्या गाऱ्हाण्याचा विषय काढतात. आपल्याकडे देवळात मानकरी सगळ्या गावाच्या वतीने देवाला सांगणं करतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसंच मी गॅरेजात सुरू केलं होतं. कामाला हात लावायच्या आधी सगळे गोल उभे राहत. काल कोणी काय चांगलं केलं ते मी नाव घेऊन सांगायचो, मग आज काय साधायचं ते मागायचो. बा देवा म्हाराजा, काल अमक्याने जेवण सोडून ब्रेक दुरुस्त केले, त्याचं बरं कर. आज कोणाचा हात मशीनीत जाऊ नये, कोणी कोणावर डाफरू नये, आणि नव्या इंजिनिअरला आमचं बोलणं समजू दे. ह्या शेवटच्या मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्याने यायचं.

नाव घेतलेला माणूस दिवसभर शीळ घालत काम करायचा. उद्या कोणाबद्दल बोलायचं म्हणून मी माणसांचं चांगलं शोधत फिरू लागलो, आणि त्यात माझाही स्वभाव जरा मऊ झाला. बायको म्हणायची, घरीही एकदा गाऱ्हाणं घाला, भाकऱ्या कोण भाजतं ते देवाला कळू दे.

आमचा वेल्डर पेडण्यातल्या हळर्णहून मोटरसायकलने यायचा. वाटेत पोदेराच्या भट्टीवरून सगळ्यांसाठी गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणायचा आणि माझा उंडा शर्टात घालून ऊबदार ठेवायचा. तो लईराई देवीचा धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा भक्त. शिरगावच्या जत्रेआधी व्रत पाळायचा, सोवळ्यात राहायचा, त्या दिवसांत रजा घ्यायचा. एका वर्षी मी रजा नाकारली. पावसाआधी माल उचलायची घाई होती, ट्रक रांगेने नादुरुस्त उभे होते. तो शांतपणे म्हणाला की देवीला शब्द दिलाय, आणि गेला.

जत्रा करून परतला तेव्हा त्याने साचलेलं सगळं काम उरकलं. ट्रकांचे मोडलेले मागचे फाळके जोडले, तुटलेली चासी सांधली. रोज सकाळी मी दुसऱ्यांची नावं घेत राहिलो. त्याचं नाव घेतलं नाही. एक दिवस नव्हे, पाऊस लागेपर्यंत. त्याला ओरडलो असतो तर भांडण होऊन मिटलं असतं. मी देवापुढे त्याला वगळलं, आणि तो वर्तुळात उभा राहून इतरांच्या भल्यासाठी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहिला.

पावसात गॅरेज बंद झालं, ते उघडलं तेव्हा तो आला नाही. ऐन हंगामात काम टाकून गेला, तो आताही पळाला, असं कोणीतरी म्हणालं. मी मान हलवली. तेवढी मान पुरली. तेव्हापासून त्याचं नाव पळपुटा पडलं.

गेल्या महिन्यात आम्ही जुने लोक डिचोलीत जेवायला जमलो. आमच्यातला एक ड्रायव्हर, जन्माचा टवाळ, पळपुट्याची नक्कल करून सगळ्यांना हसवत होता. मी त्यांच्याबरोबर हसलो आणि घरी आल्यावर माझ्याने चहासुद्धा पिववेना.

दोन दिवसांनी हळर्णला गेलो. तो गोठ्यात होता. केस पांढरे झालेले, हात तसेच. मी सगळं बोललो. त्याने म्हशीपुढे पेंढा टाकला आणि म्हणाला, “पहिल्या दिवशी वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशी कळलं. आता कशाला उकरता, सायबा? ती माणसं तुमच्यावर माया करतात. करू देत.”

त्याची बायको चहा घेऊन आली होती. तिने कप माझ्या हातात दिला नाही, समोर ठेवला.

“ह्यांचं ऐकू नका,” ती म्हणाली. “पेडण्याच्या बाजारात तुमचा तो ड्रायव्हर भेटला की अजून पळपुटा म्हणून हाक मारतो. हे हसतात आणि घरी येऊन जेवत नाहीत. तुम्ही त्यांना खरं सांगा.”

मी सगळ्यांना पुन्हा जेवायला बोलावलं. उभं राहून सांगितलं की तो पळाला नाही, देवापुढे त्याचं नाव न घेता मीच त्याला गॅरेजाबाहेर काढला. आभार मानायची पद्धत चांगली होती, पण मी ती माझ्या मर्जीने वाटायच्या बक्षिसासारखी वापरली. टवाळ ड्रायव्हरने फक्त वेल्डरचा फोन नंबर मागितला आणि बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही. मग एकेक जण पान न खाता उठला, आणि मला वाटलं, संपलं.

रविवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. आत सगळे बसलेले, मांडीवर केळी, फणस, मुलांसारखी गर्दी. हळर्णला निघाले होते. पुढे ड्रायव्हरशेजारची जागा, जिथे मी कायम बसत आलो, रिकामी होती. मी तिकडे वळलो.

“ती त्याच्यासाठी,” टेम्पो चालवणारा आमचा टवाळ ड्रायव्हर म्हणाला. “येताना त्याला बसवून शिरगावला देवीच्या पायांकडे न्यायचा आहे. तुम्ही मागे फणसाजवळ चढा, सायबा. काटे लागतील, सांभाळा.”

कोणीतरी हात पुढे केला. मी तो धरून वर चढलो.