जांभळा ठिपका

आमच्या कामगार संघटनेची गाडी गरम झाली की मरायची. सकाळी गेटसभेला निघताना एका चावीत सुरू. चाकणच्या चौकात अर्धा तास कंटेनरच्या मागं उभी राहिली की इंजिन गप्प. धूर नाही, आवाज नाही. बॉनेट उघडून वीस मिनिटं मागच्यांच्या शिव्या खायच्या, मग ती काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. आम्ही बॅटरी बदलली, पेट्रोलचा पंप बदलला. दोन्ही फुकट.

या वेळी मात्र थांबायला वेळ नव्हता. दोन दिवसांनी माझ्या ताईच्या केसची सुनावणी होती. गाड्यांचे सेन्सर बनवणाऱ्या एका कारखान्यात ती सात वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर होती, शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. महिनाअखेरीला माल काढायची घाई चाललेली असताना तिनं एक अख्खा लॉट रिजेक्टच्या लाल पेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच अडवलं. कारण काय, तर ‘कामात संथ’.

तिला परत कामावर घ्या, एवढीच आमची मागणी. पत्रक मी लिहिलं होतं. मथळा जाड अक्षरात: ‘जिच्या हातून सात वर्षांत एकही खराब नग बाहेर गेला नाही, तिला बाहेर का काढलं?’ आकुर्डीपासून चाकणपर्यंत प्रत्येक गेटवर ते वाटलं. त्या वाक्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या दुपारी मी आणि ताई तिच्या लाइनवरच्या बायकांना साक्षीसाठी विचारायला निघालो आणि गाडी पुन्हा मेली. लोकांनी ढकलत एका गॅरेजपाशी आणून सोडली. मिस्त्री तिथल्याच गावचा, पन्नाशीचा. हात पुसत बाहेर आला. पुसत होता आमच्याच पत्रकाला.

“या पुढारी. कागद झ्याक हाय बरं का तुमचा, तेल लगेच वढतो.”

“वाचलं तरी का?”

“वाचलं की. मगच पुसलं.”

त्यानं स्कॅनर जोडला, बराच वेळ बघत बसला. “काय न्हाई. ह्यो म्हणतोय गाडी ठणठणीत हाय.”

“मग उभी का राहिली?”

“ते त्यालाच इचारा.”

ताई मागच्या सीटवरून उतरली. “गरम झाल्यावरच बंद पडती ना? क्रँक सेन्सरवर ओलं फडकं टाकून बघा.”

मिस्त्रीनं तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं. “ह्यांना कसं म्हाईत?”

“तेच बनवायचे मी,” ती म्हणाली.

इंजिन फिरतंय ही खबर तो सेन्सर गाडीच्या कम्प्युटरला देतो. खबर थांबली की ठिणगी बंद, पेट्रोल बंद. आतली तार केसाहून बारीक. तिच्या जोडाचा टाका कच्चा राहिला तर तापल्यावर सुटतो आणि निवल्यावर पुन्हा चिकटतो, म्हणून थंड गाडीत दोष सापडत नाही. हे सगळं तिनं मिस्त्रीला दोन मिनिटांत सांगितलं. त्यानं गाडीखाली शिरून ओलं फडकं दाबून धरलं. मी चावी फिरवली. गाडी सुरू.

“आयला! ताई, उद्यापासून इथंच या कामाला.”

दहा नंबरचा एकच बोल्ट, पण तो इतका गच्च बसलेला की मिस्त्रीची बोटं सोलली. सेन्सर निघाल्यावर त्यानं मीटर लावला आणि हॉट एअर गननं सेन्सर तापवला. मीटरवरचा आकडा थरथरला, नाहीसा झाला. “मेला बगा.” नवा मागवायला वरचा नंबर हवा, म्हणून त्यानं जुना पेट्रोलनं स्वच्छ पुसला. वायर जोडायच्या लॉकच्या शेजारी एक जांभळा ठिपका निघाला, बाजरीच्या दाण्याएवढा.

ताईनं तो हातात घेतला. अंगठ्यानं ठिपका घासून बघितला.

“माझा आहे.”

“तुझा म्हणजे?”

“तपासून पास केलं की ठिपका मारायचा. प्रत्येकीचा रंग वेगळा. जांभळा माझा.”

“अगं पण तू तर...”

“प्रत्येक नग ओव्हनमध्ये तापवून बघायचा असतो. महिनाअखेरीला सुपरवायझर म्हणायचा, दहातला एक तापवा, बाकीच्यांना ठिपके मारा. मारायचे मी. सहा वर्षं मारले. शेवटच्या वर्षी नाही मारले.”

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठं? तू लिहीत होतास.”

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहायची लाज वाटते. मग आवाज खाली आणून म्हणालो, हा सेन्सर ओढ्यात टाकू, कुणाला कळणार नाही. मालकांच्या खोटेपणावर गेटागेटावर घसा फोडणारा मी, हे म्हणालो.

“कशाला एवढा ओरडायलास?” तिनं सेन्सर रुमालात गुंडाळला. “परवा मला विचारलं तर मी खरं सांगणार.”

“मग नोकरी परत मिळणार नाही.”

“ही गाडी चौकात बंद पडली. घाटात पडली असती म्हणजे?”

नवा सेन्सर आला तेव्हा तिनं तोही मिस्त्रीकडून तापवून घेतला आणि मगच बसवू दिला. मिस्त्री तिच्याशी एक शब्दही वाकडा बोलला नाही.

सुनावणीत कंपनीच्या वकिलानं विचारलंच: सात वर्षांत खरंच एकही खराब नग बाहेर गेला नाही? ताईनं रुमाल सोडून सेन्सर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, सुपरवायझरच्या हुकमासकट. हुकूम तोंडी होता. लेखी काही नाही. साक्षीला येते म्हणालेल्या तिघींपैकी एकही आली नव्हती, आणि का आल्या नाहीत ते मला आता कळत होतं. त्यांचेही रंग होते. वकिलानं फक्त अर्धं उचललं: न तपासता पास केल्याची कामगाराची स्वतःची कबुली. शेवटी निकालात तेवढंच राहिलं. अर्ज फेटाळला.

आता ती पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत तीन घरी स्वयंपाक करते. मी नवं पत्रक लिहायला बसतो. पहिल्या वाक्यात तिची चूक लिहायची की त्यांचा हुकूम, हे ठरत नाही आणि कागद तसाच राहतो.

गेल्या महिनाअखेरीला त्याच गेटवर उभा होतो. शिफ्ट सुटली. ताईच्या शेजारच्या टेबलावरची एक जण चालता चालता, माझ्याकडं न बघता म्हणाली, “तिला सांगा भाऊ, आता सगळ्यांना एकच रंग दिलाय. पांढरा. कुणाचा ठिपका ते कळायलाच नको.”

घरी येऊन मी ताईला सांगितलं. ती पायाला तेल लावत बसली होती. दिवसभर तीन ओट्यांपाशी उभं राहून पाय सुजतात.

“आणि तापवून बघतात का?” तिनं विचारलं.

“ते काही बोलली नाही.”

“मग विचारायचं ना,” ताई म्हणाली. “उद्या जा आणि विचार.”