न पाहिलेलं रानमांजर

माझ्या वडिलांना पांढरे ससे पाळायची हौस होती. भोरला आमच्या परसात त्यांचे पिंजरे होते. शाळा सुटली की शेजारची मुलं कोबीची पानं घेऊन यायची आणि ससे जाळीला तोंड लावून त्यांची वाट बघायचे. १९७० सालाच्या आसपास लग्न होऊन मी विंझरला आले. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा निघताना वडिलांनी करंडीत घालून एक मादी दिली. "गाभण आहे, सांभाळून ने," म्हणाले. तिची सख्खी बहीण, तीही त्याच नरापासून गाभण होती, ती भोरलाच राहिली.

माझे यजमान वेल्ह्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी चहाच्या लाकडी पेटीला जाळी ठोकून पिंजरा केला आणि मागच्या पडवीत ठेवला. पडवीसमोर दगडी ताल, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध, होती आणि तालीपलीकडं करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला डोंगर.

तिसऱ्याच दिवशी दुपारी तालीवर रानमांजर येऊन बसलं. उंच पायांचं, वाळल्या गवताच्या रंगाचं. मी ओरडले तसं ते सावकाश उठून गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर पुन्हा हजर. ते कधी पिंजऱ्याजवळ आलं नाही, जाळीला पंजा लावला नाही. नुसतं बघत बसायचं. सशाचं नाक एरवी सारखं हलत असतं. मांजर आलं की आमच्या मादीचं नाक थांबायचं. डोळे उघडे, अंग कोपऱ्यात दाबलेलं, आणि नाक थांबलेलं. मलाही तेव्हा दिवस गेले होते. भाकरी थापता थापता मी दारातून त्या दोघांकडं बघत राहायचे.

मग ते यायचं बंद झालं. मार्गासनीच्या बाजूला कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी ते मारलं, असं कानावर आलं. त्यानंतर मादीनं छातीचे केस उपटून घरटं केलं आणि ती व्याली.

पिल्लांचे डोळे उघडले, ती पेटीभर फिरू लागली. एकदा माझ्या हातून उलथनं पडलं. सगळी पिल्लं एकदम थांबली. एकही नाक हलेना. पेटीत काही जिवंत आहे असं वाटेना. एक उचलून घेतलं तर माझ्या तळहातावर त्याचं काळीज धडधडत होतं. बाकीची तशीच, किती तरी वेळ.

सासूबाई येऊन बघून गेल्या. "म्हाईत हाय त्यास्नी," म्हणाल्या.

"पण आत्याबाई, यांनी मांजर पाहिलंच कुठं?"

"आईनं बघितलं न्हवं." मग पेटीकडं बघत त्या म्हणाल्या, "ह्यो माझा पोरगा पोटात व्हता, तवा गोठ्यामागं वाघरू यायचं. बिबट्या. दिसायचं न्हाई, पर गुरं कान टवकारून हुबी ऱ्हायची. म्या त्यांच्यासंगं हुबी."

"ह्यांना हे सांगितलंत कधी?"

"न्हाई. कशापायी सांगायचं?"

संध्याकाळी यजमान जेवायला बसले. रोजच्यासारखाच त्यांनी पाट फिरवून घेतला. मी इतके दिवस ते बघत होते, विचारलं मात्र नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"असंच," ते म्हणाले. "दाराकडं पाठ केली की घास उतरत नाही. लहानपणापासनं."

सासूबाई चुलीतली लाकडं पुढं सारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. माझा हात आपोआप पोटावर गेला.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला भोरला गेले, ती पिल्लंही नेली. आमच्या मादीच्या बहिणीची पिल्लं तिथं मुलांच्या मांडीवर बसत होती. आमची फळीखाली जाऊन बसली. "हवा बदलली की सुधारतील," वडील म्हणाले. नाही सुधारली.

मला मुलगी झाली. सव्वा महिना होण्याआधीच, खोलीत कुणी नाही बघून, मी तिच्याजवळ पितळी ताट जमिनीवर टाकलं. ती क्षणभर स्तब्ध झाली. तो क्षण मला अजून आठवतो. मग तिनं असं भोकाड पसरलं की आई धावत आली आणि मला बोल बोल बोलली. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

वर्षभरानं मी पुन्हा माहेरी गेले, तर वडील मला परसात घेऊन गेले. आमच्या पिल्लांतला एक नर त्यांनी भोरच्या मादीला लावला होता आणि ती विण्याआधीच त्याला दुसऱ्या परसात हलवलं होतं. तिनं कधी रानमांजर पाहिलं नव्हतं. पिल्लांनी तर बापालाही पाहिलं नव्हतं. वडिलांनी पत्र्याचं झाकण फरशीवर टाकलं. शेजारच्या पिंजऱ्यातली पिल्लं दचकली आणि पुन्हा पानं खाऊ लागली. या पिंजऱ्यातली नाकं मात्र थांबली.

वडिलांनी झाकण उचलून बाजूला ठेवलं. मग पिंजऱ्यावर पोतं टाकून म्हणाले, "चल, चहा झाला असेल."