सोमीच्या पायासाठी हेदू

कर्जतला कुठे राहावं, काय खावं, कुठल्या डोंगरावर चढावं, हे विचारणारे हल्ली पैशाला पासरी झालेत. नातीनं मला हा ब्लॉग काढून दिला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही तिकडचं लिहा, लोक वाचतात." मी म्हटलं, माझी कर्जतची सहल वाचून कुणी बॅग भरणार नाही. तरी लिहितो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मुंबईतल्या एका इस्पितळाच्या कारखान्यात मी कृत्रिम पाय बनवायचो. पोटरीला चामडं, पाऊल लाकडाचं, तळव्याला रबर. एके दिवशी खोपोलीकडून कोळसा आणणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं गोणपाटात गुंडाळलेला एक पाय माझ्या बाकावर ठेवला. "सोमीनं दिलाय. तळवा जळलाय. लवकर करून द्या म्हणाली."

सोमी खालापूर तालुक्यातल्या एका कातकरवाडीची. कोळशाच्या भट्टीत तिचा डावा पाय गेला होता, गुडघ्याखाली कापावा लागला, आणि हा पाय मीच तिला करून दिला होता. आता त्याचं रबर वितळून वाहून गेलेलं आणि पाऊल कोळपून गेलेलं. मला रागच आला. इतकं जीव ओतून केलेलं काम, आणि बाई चुलीशी पाय पसरून बसली असणार, असं मी धरून चाललो.

नवं पाऊल करायचं तर लाकूड नव्हतं. परदेशी यायचं ते बंद झालं होतं. पावलाला कठीण, फिकट आणि बारीक रेघेचं लाकूड लागतं. कठीण, कारण अख्ख्या देहाचा भार त्याच्यावर. बारीक रेघेचं, कारण घोट्याचा बोल्ट त्यानं घट्ट धरायला हवा आणि कडेचे कपचे उडायला नकोत. आणि फिकट अशासाठी, की फिकट लाकडाला काही लपवता येत नाही. गाठ, चीर, बुरशीचा निळा डाग, सगळं तोंडावर दिसतं. जळका पाय, रंधा आणि एक पटाशी पिशवीत घालून मी निघालो. शिमगा नुकताच होऊन गेला होता.

पुण्याची पॅसेंजर कर्जतला थांबते, घाटासाठी मागून इंजिन लावतात, तेवढ्यात बटाटेवडे खाऊन घ्यायचे. मी तिथेच उतरलो, म्हणून जरा निवांत खाल्ले. मग उन्हातून चालत दहिवली. तिथल्या वखारीत सागाची रास लागली होती, पण साग तेलकट आणि रेघेवर फुटणारा. शिवणीचं लाकूड फिकट खरं, रंधा मारला की कसं लोण्यासारखं दिसतं, पण नख दाबलं की खूण उमटते. कुडा दुधासारखा पांढरा आणि सुरेख, पण जाडी मनगटाएवढी. त्यातून चमचे होतील, पाऊल नाही.

"हेदूचं लाकूड नाही का?" मी विचारलं.

"हेदू आता वखारीत कुठला येतोय मिस्त्री," शेट म्हणाला. "सगळा भट्टीला जातो. खोपोलीकडं बगा, जळायच्या आदी मिळाला तर."

रात्र धर्मशाळेत काढली. डासांनी फोडून काढलं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सकाळी शटलनं खोपोली. शिळफाट्यावर उसळ-पाव बरा मिळायचा, तिखट सांभाळून. तिथून भाजीच्या टेंपोत मागे बसून गेलो आणि पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत. वाट विचारावी लागली नाही, धूर दिसत होता.

भट्टी म्हणजे धगधगती आग नसते. लाकडं रचायची, वर पाला, वर माती लिंपायची आणि आत कित्येक दिवस धुमसत ठेवायचं. मातीला कुठे भेग पडली की वारा शिरतो आणि कोळशाची राख होते. म्हणून कुणीतरी त्या ढिगावर चढून भेगेवर माती टाकून ती चोपावी लागते. खालचं लाकूड जळून पोकळी झालेली असते, ती वरून कळत नाही. सोमी तशीच आत गेली होती.

मी पोचलो तेव्हा एक तरुण बाई पायांना ओली गोणपाटं बांधून वर उभी होती. सोमी खाली काठीला टेकून तिला जागा दाखवत होती. मला पाहून मुकादम पुढे आला.

"पाय करणारे मिस्त्री ते तुमीच? लई उपकार झाले बगा. हिचा एक पाय पोळत नाय, म्हणून हिलाच वर चढवतो. बाकीच्या बाया रडत्यात."

चुलीचा माझा राग तिथेच जिरला. मी म्हटलं, "अहो, दुसरा पोळतो की."

"दोन पोळण्यापरीस एक पोळलेला बरा," तो म्हणाला. माणूस चेष्टा करत नव्हता.

सोमीनं कोरा चहा दिला. पिशवीतला पाय उलटा करून पाहिला. "मिस्त्रीदादा, रबर नको. खाली पत्रा मारून द्या."

"तू चढूच नकोस."

"मंग मला ठेवंल कोन? आता जाऊ चढते. तिच्या अंगावर पोर पितंय." तिनं वरच्या बाईकडे पाहिलं. "पत्रा मारा."

मी लाकूड बघायला उठलो. पुढच्या भट्टीची रास बाजूला होती आणि तिच्यात मधोमध हेदूचा ओंडका. दिवाळीनंतर तोडलेला, सावलीत निम्मा सुकलेला. ढलपी काढली तर पिवळसर पांढरी, सरळ फुटलेली. थुंकी लावून पाहिलं, डाग नाही. इतकं चांगलं लाकूड मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं, आणि ते कोळशासाठी रचलेलं होतं.

"न्या," मुकादम म्हणाला. "पण एका पायाला येवडं?"

"दोन तुकडे करीन. सुकताना एक फाटला तर दुसरा असावा."

मापाची पट्टी घरी राहिली होती. मी सोमीच्या उजव्या, धड पायाला सुतळी लावली. गुडघ्यापाशी एक गाठ, टाचेशी एक. डावा तेवढाच उंच करायचा. त्या टाचेवर जुने-नवे फोड होते. ती म्हणाली, "गुदगुल्या होत्यात," आणि हसली.

ओंडका कोळशाच्या ट्रकवर टाकून मी परत आलो. पावसाआधी पाय तयार करून पाठवला. पत्रा मारला. तुम्ही म्हणाल, का मारला? नसता मारला तर जाऊ चढली असती, नाहीतर सोमीला वाडीवर बसवली असती. मी पुष्कळ डोकं फोडलं, तिसरं काही सापडलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तोच ड्रायव्हर आला. हातात गोणपाट नव्हतं. "जळला का पुन्हा?" मी विचारलं.

"तो नाय जळला. पत्र्यानं राखला." त्यानं खिशातून एक सुतळी काढली. तिलाही दोन गाठी होत्या. "सोमीनं दिलीय. उजव्याचं माप. येवडाच उरलाय."

मी जुनी सुतळी काढून शेजारी ठेवली. दोन सुतळ्यांत जो फरक होता, तेवढा पाय मला करायचा होता. त्या सहलीतून आणलेलं म्हणाल तर या सुतळ्याच माझ्याकडे उरल्यात, खणात आहेत.

हेदूचा दुसरा तुकडा फळीवर होता. वर्षभरात त्याला एक चीर पडली नव्हती. उजवं पाऊल त्यातून केलं. दोन्ही पायांची उंची जुळायलाच हवी, नाहीतर माणूस लंगडतो. म्हणून त्याच्याखालीही पत्रा मारावा लागला.