प्रायव्हेट सर्टिफिकेट आणि आबांचा सत्कार

"भाऊ, यांनी प्रायव्हेट दिलंय."

हर्षलदादाचा फोन अमेरिकेतून होता. पर्वत पाटिया भागातल्या आमच्या कन्सल्टन्सीत संध्याकाळ होती, तिकडे सकाळ. तिथल्या विमान खात्याच्या ऑफिसातून तो नुकताच बाहेर आला होता. मी कॉलेज करून दुपारनंतर इथे काम करतो. भारतातलं लायसन्स अमेरिकन करून घ्यायची त्याची फाइल मीच तयार केली होती.

थोडं सांगायला हवं. दादाकडे भारतातलं कमर्शियल लायसन्स होतं, म्हणजे पगार घेऊन विमान उडवायचा परवाना. इथे नोकरी मिळाली नाही. बायको अमेरिकेतली, त्यामुळे तिथे काम करायची परवानगी होती. एका छोट्या कंपनीने सांगितलं होतं, सोमवारपर्यंत अमेरिकन कमर्शियल सर्टिफिकेट आण, लगेच घेतो. आमचे गुजराती सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "थई जशे. कन्व्हर्ट होऊन जाईल." लायसन्स खरं असल्याचं आपल्या इथल्या विमान खात्याने तिकडे कळवलं, तेव्हा मला वाटलं, झालं काम.

फोन चालू ठेवून मी केबिनमध्ये गेलो.

"सर, प्रायव्हेटवर पगार घेता येतो?"

"ना. बाहेरच्या लायसन्सवर ते एवढंच देतात. कमर्शियलला त्यांची लेखी परीक्षा, मग एग्झामिनरला विमान उडवून दाखवायचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

सरांनी एसीचा रिमोट उचलला. "कन्व्हर्ट तर थयुं ने?"

दादाने सगळं ऐकलं होतं. "सोमवारपर्यंत परीक्षा होईल?"

"नाही, दादा."

"आबांना तू सांग. मला नाही जमणार."

आबा त्याचे वडील. उधन्यात लूम, म्हणजे कापडाचा माग चालवतात. त्याच संध्याकाळी गोडादऱ्यात धुळ्याकडच्या आमच्या समाजाच्या मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता. आमच्यात पोरगा परदेशात पोहोचला की इकडे बापाला शाल-नारळ देतात. तो कामाला लागेपर्यंत कोणी थांबत नाही. मी पोहोचलो तेव्हा बॅनर लागला होता: अमेरिकेचे कमर्शियल पायलट.

आबा नवी टोपी घालून पुढच्या रांगेत बसले होते. शेजारचा म्हणत होता, "आबा, आता धुळ्याला बसने गेलात तर बघा!"

मी त्यांना बाजूला घेतलं.

"काय व्हयनं, भाऊ? नापास झाला का?"

"परीक्षाच झाली नाही, आबा. तो विमान उडवू शकतो. पगार घेऊ शकत नाही."

आबांनी टोपी काढली, परत घातली. लूमवर नवा पोरगा आधी बिनपगारी शिकतो. त्यांना तेच आठवलं असावं.

"म्हणजे शिकाऊ?"

"तसंच काहीतरी."

"तीस वर्साना व्हयना तो. आजून शिकाऊच?"

 

स्टेजवरून नाव पुकारलं. आबांनी शाल घेतली. बोलायला सांगितलं तेव्हा माइकवर म्हणाले, "पोऱ्या पोचला." आणि खाली उतरले. खरं तेवढंच होतं.

ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. दादा तिथे एका गोदामात माल उतरवतो. परीक्षेचं विचारलं की फोन ठेवतो.

आता कन्व्हर्जनसाठी कोणी आलं की मी आधी विचारतो, पगारासाठी उडवायचंय की हौसेसाठी? पगारासाठी म्हणाले, तर परीक्षेचं सांगतो. बहुतेक जण उठून समोरच्या कन्सल्टन्सीत जातात. तिथे अजून कन्व्हर्ट करून देतात.